रीतीमागील उपपत्ती

शेगाव येथे १९८३ साली श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि अभियंता होण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील मुलाने दूरच्या शहराचीच वाट धरली पाहिजे, ही सक्ती उरली नाही. या प्रगतीचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु दारी आलेल्या संगणकविद्येचा गाभा विद्यार्थ्याच्या हाती लागतो काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

हा गाभा म्हणजे ‘अल्गोरिदम’. प्रश्न सोडविण्याची पायरीपायरीने जाणारी निश्चित रीत. दहा लाख नावांच्या अकारविल्हे यादीतून एक नाव हुडकावयाचे आहे. आरंभापासून एकेक नाव पाहू गेल्यास दहा लाख वेळा पाहण्याची पाळी येऊ शकते. उलट यादी मधोमध उघडून निम्मा भाग प्रत्येक वेळी बाद करीत गेल्यास वीस तुलना पुरतात. यंत्र तेच, अंतर पडते ते विचाराने! मात्र यादी अकारविल्हे नसेल तर हीच रीत का फसते, हे ज्याला सांगता येईल त्यालाच ती खरोखर आली.

आपल्याकडे बहुधा परीक्षा घेतली जाते ती रीतीच्या पाठांतराची. भूमितीचा सिद्धांत घोकणारा विद्यार्थी आकृतीवरील अक्षरे बदलताच गोंधळतो, तशीच ही गत.

नोकरीच्या बाजारात सिद्धांताला कोण विचारतो, असा आक्षेप घेतला जाईल. पण आज कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात आज्ञावली लिहून देते. ती बरोबर आहे की नाही, हे पारखण्याचे काम माणसाकडेच राहते. कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ साली मूळ संख्या ओळखण्याची जलद व निःसंदिग्ध रीत शोधली, ती पाठांतराच्या बळावर नव्हे.

ही दृष्टी आपल्याला परकीही नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावनजीक पाटणे येथील १२०७ सालच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापिलेल्या मठाची नोंद आहे. पुढे गणेश दैवज्ञांनी १५४५ साली ‘लीलावती’वर टीका लिहिली, तीत रीतींबरोबर उपपत्तीही दिल्या.

अमरावतीच्या विद्यापीठाने आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांनी निदान निम्मे गुण उपपत्तीसाठी राखावेत. सदोष रीत पुढे ठेवून ‘ही कोठे चुकते?’ असे विचारावे. असे प्रश्न काढणे आणि तपासणे शिक्षकांना कष्टाचे जाईल, हे खरे. पण केवळ रीत पाठ करणाऱ्याची जागा यंत्राने घेतलीच आहे, हे विसरून चालणार नाही.