विश्लेषण : गाडीचे दार आपोआप लॉक होते, पण आपोआप उघडते का?

दसऱ्याला किंवा पाडव्याला शोरूममधून नवी गाडी बाहेर काढण्याचा सोहळा आता ठरून गेला आहे. बोनेटवर हार, चाकाखाली लिंबू, हातभर लांबीच्या खोट्या किल्लीसह कुटुंबाचा फोटो. मग सेल्समन स्क्रीन समजावून सांगतो. मोबाइल कसा जोडायचा, सनरूफ कशी उघडायची, हे त्यात येते. दारांचा विषय मात्र एका वाक्यात उरकतो : ‘गाडी पळायला लागली की लॉक आपोआप लागतात, सर.’ हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे, म्हणजे ते लॉक कधी आणि कसे उघडते, हे विचारायचे कुणालाच सुचत नाही. ऑटो लॉकचे सेटिंग सुरू करावे का, याचे उत्तर याच दुसऱ्या अर्ध्या भागावर अवलंबून आहे.

ऑटो लॉक चालते कसे?

प्रत्येक दाराच्या आत, लॅचला जोडलेली एक छोटी मोटर असते. या मोटरींना आदेश देणाऱ्या संगणकाला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. चाकांवरच्या सेन्सरकडून गाडीचा वेग त्याला सतत कळत असतो. ठरलेला आकडा ओलांडला की चारही दारांना एकदम लॉकचा आदेश जातो आणि ‘खट्’ असा आवाज येतो. ह्युंदाईच्या अनेक मॉडेलमध्ये हा आकडा ताशी १५ किलोमीटर आहे. इतर कंपन्यांचे आकडेही फार दूर नाहीत. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांत वेगाऐवजी आणखी एक पर्याय मिळतो. गिअर ‘पी’मधून काढला की लगेच लॉक.

लॉक लागलेले दार अपघातात अधिक मजबूत राहते, असा समज सर्रास आढळतो. दार चौकटीला धरून ठेवण्याचे काम लॅचचे असते आणि ते लॉक नसतानाही तेवढेच घट्ट धरते. लॉक फक्त हँडल आणि लॅच यांच्यातला दुवा तोडतो. म्हणजे हँडल ओढले तरी लॅचला त्याचा पत्ता लागत नाही. याचा फायदा दोन प्रसंगी होतो. सिग्नलला थांबलेल्या गाडीचे दुसऱ्या बाजूचे दार उघडून सीटवरची बॅग लांबवणाऱ्या टोळ्यांना अडथळा होतो आणि चालत्या गाडीत कुणाचा हात चुकून हँडलवर पडला तरी बऱ्याच गाड्यांत मागचे दार उघडत नाही. दोन्ही फायदे खरे आहेत, रोजच्या उपयोगाचे आहेत. पण हाच तुटलेला दुवा अपघातानंतर बाहेरून मदतीला धावलेल्या माणसाच्याही आड येतो.

ब्रोशरमधली दुसरी ओळ

म्हणूनच उत्पादक ऑटो लॉकसोबत दुसरी यंत्रणा देतात. धडक बसल्यावर एअरबॅग उघडायची की नाही, हे ठरवणारा एक वेगळा संगणक असतो. मोठी धडक त्याला जाणवली की तो बॉडी कंट्रोल मॉड्यूलला संदेश पाठवतो आणि दारांची लॉक उघडली जातात. अनेक गाड्यांत त्याच क्षणी धोक्याचे दिवेही लुकलुकू लागतात. ब्रोशरमध्ये या दोन गोष्टी दोन वेगळ्या ओळींत लिहिलेल्या असतात : ‘स्पीड सेन्सिंग ऑटो डोअर लॉक’ आणि ‘इम्पॅक्ट सेन्सिंग ऑटो डोअर अनलॉक’. गाडी घेताना लोक पहिली ओळ वाचतात. दुसरी ओळ आपल्या व्हेरिएंटपुढे आहे का, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

ती असली तरी तिला मर्यादा आहेत. धडकेत बॅटरी किंवा तिची वायर तुटली तर मोटरीला वीज मिळत नाही. मागच्या दाराचा चाइल्ड लॉक तर या सगळ्या यंत्रणेच्या बाहेरच आहे. तो दाराच्या कडेवरचा साधा यांत्रिक खटका. तो लावलेला असेल तर सेंट्रल लॉक उघडल्यानंतरही मागचे दार आतून उघडत नाही, फक्त बाहेरून उघडते. मुले मोठी होऊन कॉलेजात गेली तरी खटका तसाच राहिलेला असतो आणि मागच्या सीटवर आता आजी-आजोबा बसतात! टॅक्सी म्हणून नोंदणी होणाऱ्या मोटारींत मागच्या दारांना चाइल्ड लॉक नसावा, असा नियम जुलै २०१९ पासून आहे. प्रवासी, विशेषतः महिला, आत कोंडल्या जाऊ नयेत हा त्यामागचा हेतू. खासगी गाडीत मात्र तो तपासायला आपल्याशिवाय दुसरे कुणी नाही.

सेटिंग कुठे असते?

स्क्रीन असलेल्या बहुतेक नव्या गाड्यांत ‘सेटिंग्ज’मध्ये ‘व्हेइकल’ आणि त्याखाली ‘डोअर’ किंवा ‘लॉक’ असा विभाग असतो. काही गाड्यांत तो मधल्या मोठ्या स्क्रीनवर नसून स्पीडोमीटरशेजारच्या छोट्या पडद्यावर असतो आणि स्टीअरिंगवरच्या बटणांनी चालतो. गाडी थांबलेली असतानाच तो बदलता येतो. होंडाच्या अनेक गाड्यांत लॉकसाठी तीन पर्याय दिसतात : वेगानुसार, ‘पी’मधून गिअर काढल्यावर आणि बंद. स्क्रीन नसलेल्या किंवा थोड्या जुन्या गाड्यांत पद्धत गमतीची असते. टोयोटाच्या काही मॉडेलमध्ये सगळी दारे लावून इग्निशन सुरू करायचे, २० सेकंदांच्या आत मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत गिअर ठेवायचा आणि ड्रायव्हरच्या दारावरचे लॉकचे बटण ५ सेकंद दाबून धरायचे. दारे एकदा बंद-उघड झाली की बदल नोंदला गेला. ज्या गाड्यांत यापैकी काहीच नाही, तिथे सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप जोडून हे सेटिंग बदलता येते का, ते विचारता येईल. मोबाइलवरच्या व्हिडीओपेक्षा ग्लोव्ह बॉक्समधले जाडजूड मॅन्युअल इथे कामी येते, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही पायऱ्या बदलतात.

लॉकच्या सेटिंगशेजारीच ‘ऑटो अनलॉक’ असते. तिथेही पर्याय असतात : गिअर ‘पी’मध्ये टाकल्यावर किंवा इंजिन बंद केल्यावर. माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. लांबच्या सिग्नलला ‘पी’ लावून पाय मोकळे करण्याची सवय अनेक ड्रायव्हरना असते. पहिला पर्याय निवडलेला असेल तर नेमक्या त्या वेळी चारही दारे उघडी होतात, म्हणजे ज्यासाठी ऑटो लॉक लावला तो हेतूच गेला. वेगानुसार लॉक आणि इंजिन बंद झाल्यावर अनलॉक, ही जोडी बहुतेक कुटुंबांना पुरेशी आहे. रात्री एकट्याने गाडी चालवणाऱ्यांनी ‘पी’मधून निघताच लॉक हा पर्याय घ्यावा, पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंतचा ताशी दहा किलोमीटरचा टप्पा त्यात सुटत नाही. गिअर हाताने बदलायच्या गाडीत ‘पी’च नसल्याने हा प्रश्न येत नाही. तिथे निघण्यापूर्वी बटण दाबायचे, इतकेच.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. रिमोटने गाडी अनलॉक केली आणि साधारण अर्ध्या मिनिटात एकही दार उघडले नाही, तर अनेक गाड्या पुन्हा लॉक होतात. ते वेगळे फीचर आहे, चालत्या गाडीच्या ऑटो लॉकशी त्याचा संबंध नाही. ‘किल्ली आत राहिली आणि गाडी आपोआप लॉक झाली’ अशा तक्रारींत ऑटो लॉकला उगाच दोष दिला जातो. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील विजयनगरम जिल्ह्यात उभ्या गाडीत शिरलेल्या चार लहान मुलांचा गुदमरून मृत्यू झाला. उन्हात बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांत साधारण १० अंशांनी वाढू शकते. घरापुढे लावलेली गाडीही लॉक करावी आणि किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये, हे ऑटो लॉक असो वा नसो, लागू आहे.

पाण्यात काय होते?

मुंबईकराला गाडीचे लॉक म्हटले की २६ जुलै २००५ आठवतो. त्या दिवशी काही जणांचा गाडीतच अडकून मृत्यू झाला. २ जुलै २०१९ रोजी मालाडच्या सबवेत पाण्यात अडकलेल्या एसयूव्हीमध्ये दोघांचा जीव गेला. अशा वेळी दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात आणि त्या वेगळ्या समजून घ्यायला हव्यात. पहिली विजेची. पाणी वायरिंगपर्यंत पोहोचले की लॉकच्या मोटरी आणि पॉवर विंडो बंद पडू शकतात. दुसरी दाबाची, आणि तिच्यापुढे लॉक उघडे असूनही काही चालत नाही. एक मीटर रुंदीच्या दाराबाहेर तळापासून अर्धा मीटर पाणी असेल आणि आत पाणी नसेल, तर दारावर सुमारे १२५ किलोचा जोर येतो. पाणी एक मीटरवर गेले की हा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. जवळपास ५०० किलो. बसल्या जागेवरून माणूस ते दार ढकलू शकत नाही.

त्यामुळे पाणी साचलेल्या सबवेपुढे गाडी वळवणे हाच उपाय. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्ट करण्याच्या नादात वेळ न घालवता, वीज आहे तोवर आधी काच खाली घ्यायची आणि सीटबेल्ट काढायचा. काच फोडायची वेळ आली तर बाजूची काच, तीही कोपऱ्यात, टोकदार हातोडीने फोडायची. पुढची काच दोन थरांची असते, तिला तडे जातात पण ती मोकळी होत नाही. ही हातोडी डिकीत असून उपयोग नाही. ड्रायव्हरच्या हाताशी हवी.

नियम काय सांगतो?

१ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींना ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा गजर, वेगाचा इशारा आणि रिव्हर्स पार्किंग सेन्सर यांच्यासोबत आणखी एक गोष्ट सक्तीची झाली : सेंट्रल लॉकिंग हाताने उघडण्याची सोय. वीज गेली तरी आतला माणूस बाहेर पडू शकला पाहिजे, असा त्याचा अर्थ. यादीतल्या बाकीच्या गोष्टी आवाज करतात, त्यामुळे सगळ्यांना माहीत झाल्या. ही सोय गप्प बसून असते. काही गाड्यांत आतले हँडल एकदा ओढले की लॉक सुटते आणि दुसऱ्यांदा ओढले की दार उघडते. काहींत हे फक्त पुढच्या दारांना लागू असते आणि मागे आधी छोटा खटका सरकवावा लागतो. विजेवर चालणारी लॅच असलेल्या महागड्या गाड्यांत यांत्रिक खटका कधी कधी झाकणाखाली असतो. चीनने तर दारे आतून आणि बाहेरून यांत्रिक पद्धतीने उघडता यावीत, असा नियम नव्या गाड्यांसाठी १ जानेवारी २०२७ पासून लागू करण्याचे ठरवले आहे. आपल्याकडे सोय असणे सक्तीचे आहे. ती ग्राहकाला दाखवणे नाही. लिफ्टमध्ये अडकल्यास काय करावे, याची पाटी असते. मागच्या दाराच्या आत दोन ओळींचे स्टिकर लावायला उत्पादकाला किती खर्च येणार आहे?

आईला मी हे घरच्या गाडीत करून पाहायला सांगितले. मागच्या सीटवर ती, दारे लॉक, इंजिन बंद. तिने आधी काचेचे बटण दाबले, मग हँडल ओढले, मग माझ्याकडे पाहिले. खटका हँडलच्या वरच होता. तो सापडायला तिला मिनिटभर लागले, आणि तेव्हा गाडी घरासमोर उजेडात उभी होती.

जुन्या गाडीला बाहेरून ऑटो लॉक बसवावे का?

कार ॲक्सेसरीजच्या दुकानात चार मोटरींचे सेंट्रल लॉकिंग किट मिळते. स्टीअरिंगखालच्या निदान पोर्टमध्ये खोचायची, वेगानुसार लॉक लावणारी छोटी उपकरणेही आहेत. ती पहिले काम करतात, म्हणजे दार लावतात. पण असे किट साधारणपणे एअरबॅगच्या संगणकाला जोडलेले नसते, त्यामुळे धडकेनंतर ते लॉक उघडत नाही. शिवाय वायर कापून जोडणी केली तर वॉरंटीचा प्रश्न येतो आणि पोर्टमधले उपकरण उभ्या गाडीची बॅटरीही थोडी थोडी खात राहते. ज्या गाडीत कंपनीकडून हे फीचर आलेले नाही, तिथे सिग्नल येण्याआधी हाताने बटण दाबण्याची सवय या किटपेक्षा बरी.