आरशात न दिसणारी बॉडी

कॉलेजजवळच्या कुठल्याही जिममध्ये सोमवारी संध्याकाळी डोकावून बघा. बेंच प्रेसपाशी रांग लागलेली असते. सोमवार छातीचा, मंगळवार दंडाचा, बुधवारी परत छाती, कारण सोमवारी म्हणावा तसा ‘पंप’ आला नाही! पाय? ते पुढच्या आठवड्यात. आणि पाठ? पाठ कोण बघतंय यार!

लोचा नेमका इथेच आहे. आरशात जेवढी दिसते तेवढीच आपली बॉडी, असा आपला पक्का समज. बावीस-तेविसाव्या वर्षी कंबर धरून उठायची वेळ येते ती मात्र न दिसणाऱ्या बॉडीमुळे.

आधी त्या सिक्स पॅकचा निकाल लावून टाकू. २००७ मध्ये ‘ओम शांती ओम’ आला आणि हा शब्द पार गावच्या तालमीपर्यंत पोचला. पोटावरचा हा स्नायू बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत उभा जातो. त्यावर आडव्या चिवट पट्ट्या असतात, म्हणून ते चौकोन. पट्ट्या किती, हे जन्मतःच ठरलेलं. त्यामुळे कुणाचे चार, कुणाचे आठ. हजार सिट-अप्स मारल्या तरी चाराचे सहा होत नाहीत. आणि फक्त पोटावरचीच चरबी उतरवायची सोय शरीराने ठेवलेली नाही. विषय संपला.

आता जरा उलटे फिरा. शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू कोणता? दंडाची बेटकुळी नव्हे. आपण ज्यावर बसतो तो, ग्लुटिअस मॅक्सिमस. (हसून घ्या.) जिना चढणं, खुर्चीतून उठणं, धावताना शरीर पुढे ढकलणं ही सगळी याची कामं. आणि पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारं पब्लिक त्याला दिवसाचे दहा-बारा तास काय काम देतं? उशीचं!

त्याच्या विरुद्ध बाजूला, पोटात खोलवर, सोअस नावाचा स्नायू आहे. कमरेच्या मणक्यांपासून निघून तो मांडीच्या हाडाला जाऊन चिकटतो. मांडी वर उचलणं हे त्याचं काम. खुर्चीत बसलो की हा आखूड होऊन पडून राहतो, तासन्‌तास. मग उठताना खुबा कुरकुरतो आणि त्याची कसर कमरेला भरून काढावी लागते. गंमत म्हणजे पूर्ण उठून मारलेल्या सिट-अपमध्ये शेवटचा अर्धा भाग बहुतेक हाच ओढून नेतो. म्हणजे दिवसभर ज्याला आखडून ठेवलं, संध्याकाळी त्यालाच आणखी पिळायचं. काय अर्थ आहे?

मणक्यांमधल्या गाद्यांचं प्रकरण तर आणखी नाजूक. अशा २३ गाद्या आपल्याकडे असतात आणि मोठेपणी त्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. शेजारच्या मणक्यांमधून जे झिरपेल त्यावर त्यांचं भागतं, आणि त्याला हालचालीची मदत लागते. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाकेमसन या डॉक्टरांनी जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला. (धन्य ते व्हॉलंटियर!) उभं राहण्यापेक्षा बसल्यावर दाब जास्त, असं निघालं. १९९९ मध्ये जर्मनीत एका माणसावर पुन्हा मोजलं, तर आरामात बसल्यावर तसा काही फरकच दिसला नाही. त्यामुळे ‘ताठ बस’ हे आईचं वाक्य अर्धंच बरोबर. ताठ बसलात काय नि रेलून बसलात काय, सलग चार तास बसू नका. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, पाण्याची बाटली भरून आणा. चहाच्या टपरीपर्यंत गेलात तरी चालेल. फक्त तिथे जाऊन परत बसू नका!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात, आणि वर किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ, दुसरं कुणाच्या लक्षात नसतं.

आमचे आजोबा म्हणतील, सूर्यनमस्कार घाला की. जरूर घाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये नेले, ते काही उगाच नाही. पण नमस्कार काय किंवा जोर काय, त्यात ढकलणं आहे, ओढणं नाही. खांद्याची पाती मागे खेचणारे स्नायू ओढल्याशिवाय तयार होत नाहीत. मल्लखांबवाल्यांच्या पाठी बघा, म्हणजे पटेल.

एक गोष्ट मात्र व्यायामावर ढकलू नका. कळ गुडघ्याखाली जात असेल, पाय बधिर पडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, उद्यावर नको.

बाकी खर्च शून्य. हॉस्टेलच्या खोलीत वीस बैठका. मग पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर वर उचलायची, पंधरा वेळा. शेवटी सॅकमध्ये पॉलिटीचं ते जाडजूड पुस्तक टाका, पाठ सरळ ठेवून पुढे वाका आणि सॅक पोटाकडे ओढा. दहा वेळा. जड वाटत नसेल तर इतिहासही टाका.