समुद्री बुरशीची चाचणी पंचगंगाकाठी व्हावी

स्पेंटवॉशचा, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा, काळपट रंग हे साखरपट्ट्यातल्या डिस्टिलऱ्यांचे सर्वांत चिवट दुखणे आहे. लिटरभर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघतो. बायोगॅस संयंत्रातले जिवाणू त्यातला बराचसा सेंद्रिय भाग खाऊन टाकतात, पण रंग देणारे मेलॅनॉइडिन त्यांना पचत नाही. नियमाने हे पाणी बाहेर सोडायचेच नाही. ते आटवून बॉयलरमध्ये जाळायचे किंवा प्रेसमडमध्ये मुरवून कंपोस्ट करायचे. तरीही असे पाणी नदीत उतरले, तर ऊन खाली पोचत नाही, विरघळलेला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच शिरोळ तालुक्याने वारंवार पाहिला आहे. तेच पाणी पुढे नृसिंहवाडीच्या संगमात कृष्णेला मिळते.

यावरचा एक उपाय घाटाखाली, गोव्यात शोधला गेला आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार व सहकाऱ्यांनी कुजत्या समुद्री गवतावरून फ्लॅव्होडॉन फ्लॅव्हस ही बुरशी वेगळी केली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिने 8 दिवसांत स्पेंटवॉशचा 80 टक्के रंग उतरवला, आणि समुद्राच्या निम्म्या खारेपणाच्या पाण्यातही तिचे काम चालू राहिले. 2004 चा प्रयोग अधिक बोलका आहे. त्यात बुरशी फोमच्या तुकड्यांवर वाढवली होती. दहा टक्के स्पेंटवॉश मिसळलेल्या पाण्यात ठेवलेल्या तिलापिया (चिलापी) माशांच्या यकृताला इजा झाली. बुरशीने प्रक्रिया केलेल्या पाण्यात मात्र ती झाली नाही.

कापडउद्योगाच्या इचलकरंजीलाही या संशोधनाचा उपयोग आहे. रिॲक्टिव्ह रंग कापडावर चढवताना मीठ वापरावे लागते, म्हणून कापड प्रोसेसचे सांडपाणी खारट असते आणि जमिनीवरच्या बहुतेक बुरशींना ते मानवत नाही. याच संस्थेने खारफुटीच्या कुजक्या लाकडावरून मिळवलेली दुसरी बुरशी लॅकेस हे विकर सोडते आणि कापड, कागद व डिस्टिलरी अशा तिन्ही उद्योगांच्या सांडपाण्याचा रंग फिका करते.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकू नयेत. बुरशीला साखरेचे खाद्य लागते, पाणी आठवडाभर टाकीत थांबवावे लागते, स्पेंटवॉश पातळ करायला जास्तीचे पाणी हवे. खाद्याचा प्रश्न मळी हाताशी असलेल्या कारखान्यांना जड नाही. टाक्यांचा आणि पाण्याचा आहे. शिवाय कोल्हापूर-इचलकरंजीचे घरगुती सांडपाणी ही बुरशी साफ करणार नाही. त्यासाठी मैलाशुद्धीकरण केंद्रेच पूर्ण ताकदीने चालली पाहिजेत.

म्हणूनच थेट मोठा प्रकल्प न उभारता आधी छोटी चाचणी घ्यावी: एक टाकी एखाद्या सहकारी डिस्टिलरीत, दुसरी इचलकरंजीच्या सामूहिक सांडपाणी केंद्रात. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि रंगविघटनावर बरेच काम केलेले शिवाजी विद्यापीठ यांनी गोव्याच्या शास्त्रज्ञांसोबत ती हाती घ्यावी. खर्चाचा वाटा कारखाने व प्रोसेसधारकांनी उचलावा. रंग, सीओडी (रासायनिक प्राणवायू मागणी) आणि दर हजार लिटरचा खर्च मोजावाच, पण पंचगंगेतल्या माशांवर परीक्षा घेतल्याशिवाय पाणी शुद्ध झाले असे कोणी जाहीर करू नये. निकाल अनुकूल येवो वा प्रतिकूल, प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो मराठीत नदीकाठच्या ग्रामपंचायतींकडे पाठवावा.

— एक वाचक, नृसिंहवाडी (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर)