वास्तव कोणाच्या नजरेतले?

दूरचित्रवाणीवरील पोलिस मालिकांची प्रशंसा करावयाची झाली की, ‘वास्तववादी’ हे विशेषण हमखास वापरले जाते. गणवेश बरोबर आहे, चौकीतील रजिस्टरे खरी वाटतात, अधिकारी आपापसांत बोलतात तसेच बोलतात, एवढ्यावर हे प्रमाणपत्र दिले जाते. परंतु तपशील खरा असणे आणि चित्र खरे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. लाठी चालविणाऱ्याच्या आणि ती खाणाऱ्याच्या आठवणीत लाठी एकच असते. हकिगत मात्र एक राहात नाही. म्हणून अशा मालिकेला विचारावयाचा पहिला प्रश्न हा की, हे वास्तव कोणाच्या जागेवरून पाहिलेले आहे? अमेरिका व ब्रिटन येथील गाजलेल्या जुन्या मालिकांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

या प्रकाराचा पाया घातला तो ‘ड्रॅगनेट’ने. १९४९ मध्ये नभोवाणीवर सुरू झालेली ही मालिका डिसेंबर १९५१ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर आली. तिचा निर्माता व नायक जॅक वेब याने लॉस एंजेलिस पोलिसांच्या दप्तरातील प्रकरणे घेतली. कथा खरी आहे, केवळ नावे बदललेली आहेत, अशी ग्वाही प्रत्येक भागाच्या आरंभी दिली जाई. तारीख, हवामान, पाळी, वरिष्ठाचे नाव यांची कोरडी नोंद, भावनेला फाटा, शेवटी गुन्हेगारास झालेली शिक्षा. प्रेक्षकांस वाटे, आपण नाटक पाहात नसून सरकारी कागद वाचीत आहो. एका अर्थी ते खरेही होते. कारण पटकथा पोलिस खाते आधी वाचून पाहात असे, आणि त्या मोबदल्यात प्रकरणांची माहिती व खात्याचे साहाय्य मिळत असे. वेब १९८२ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या पात्राचा ७१४ हा बिल्ला क्रमांक लॉस एंजेलिस पोलिसांनी सन्मानपूर्वक निवृत्त केला. एखाद्या नटाला खात्याने आपला मानावा, यात नवल नाही. खात्याची एवढी सेवा क्वचितच कोणा खऱ्या अधिकाऱ्याने केली असेल!

कारण मालिकेत जे नव्हते, तेही लॉस एंजेलिसमध्येच घडत होते. ‘ड्रॅगनेट’ पडद्यावर आली त्याच महिन्यात, १९५१ च्या नाताळच्या पहाटे, त्या शहरातील पोलिसांनी कोठडीतील सात तरुणांना निर्दयपणे मारहाण केली. त्यांतील पाच जण मेक्सिकन वंशाचे होते. प्रकरण दडपता आले नाही. आठ पोलिसांवर खटले भरले गेले आणि पाच दोषी ठरले. पुढे ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत एका वाहनचालकाच्या अटकेवरून उद्रेक झाला व ३४ माणसे प्राणास मुकली. मालिका १९५९ मध्ये थांबली होती. वॉट्सनंतर दीड वर्षाच्या आत, जानेवारी १९६७ मध्ये, ती पुन्हा सुरू झाली, तोच नायक व तोच बिल्ला घेऊन. वॉट्सच्या रहिवाशांनी त्या बिल्ल्याविषयी काय सांगितले असते, हे विचारण्याची सोय त्या वास्तववादात नव्हती. फायली अस्सल होत्या. परंतु फाईल लिहिणारा हात एकाच पक्षाचा असतो, हे विसरून चालत नाही.

ब्रिटनमध्ये याच सुमारास, १९५५ पासून, बी.बी.सी.वर ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ चालू होती. पायी गस्त घालणारा, वस्तीतील प्रत्येकाला नावाने ओळखणारा प्रेमळ शिपाई हा तिचा नायक. त्या गोड चित्राला पहिला तडा १९६२ मध्ये ‘झेड-कार्स’ने दिला. लेखक ट्रॉय केनेडी मार्टिन याने कथानक लिव्हरपूलजवळच्या कर्कबीसारख्या नव्या वसाहतीत नेले. जुन्या गलिच्छ चाळी पाडून कामगार कुटुंबांना तेथे नेऊन वसविले होते. घरे मिळाली, पण वस्तीला वस्तीपण आले नव्हते. येथे पोलिस पायी न फिरता मोटारीतून फिरतो. काचेआडून तो लोकांना पाहतो आणि लोक त्याला. पहिल्याच भागात एका शिपायाच्या बायकोचा डोळा काळानिळा झालेला दिसतो, आणि मारणारा तिचा नवराच असतो. लँकेशायरच्या पोलिस प्रमुखांनी बी.बी.सी.कडे निषेध नोंदविला. शिपाई घरी हात उगारतो, ही गोष्ट त्यांना खोटी वाटली की केवळ गैरसोयीची, हे सांगणे न लगे.

ब्रिटनमधील खरी परीक्षा १९७८ साली झाली. ‘द स्वीनी’ ही लंडनच्या फ्लाइंग स्क्वॉडवरील धडाकेबाज मालिका त्या वेळी कमालीची लोकप्रिय होती. नायक नियम मोडतो, पण भल्यासाठी मोडतो, हे तिचे सूत्र. मालिका चालू असतानाच, १९७७ मध्ये, त्या पथकाचा माजी प्रमुख केनेथ ड्रूरी याला भ्रष्टाचाराबद्दल आठ वर्षांची सजा झाली. दुसऱ्या वर्षी बी.बी.सी.ने जी. एफ. न्यूमन यांची ‘लॉ अँड ऑर्डर’ ही चार नाटकांची माला दाखविली. (पुढे १९९० मध्ये निघालेल्या अमेरिकन मालिकेशी तिचे केवळ नामसाम्य आहे.) एकच प्रकरण येथे चौघांच्या जागेवरून सांगितले आहे: गुप्त पोलिस, गुन्हेगार, वकील आणि कैदी. आरोपी व्यवसायाने दरोडेखोरच आहे. परंतु ज्या दरोड्यासाठी त्याला तुरुंगात धाडले जाते, तो त्याने घातलेला नाही. पुरावा अधिकाऱ्याने रचलेला आहे, आणि यंत्रणेतील प्रत्येकाला त्याचा थोडाथोडा अंदाज आहे. हे दिसताच गदारोळ उठला. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले, तुरुंग कर्मचाऱ्यांची संघटना खवळली, आणि काही काळ बी.बी.सी.ला तुरुंगात चित्रीकरणाची परवानगी मिळेनाशी झाली. ज्या वास्तववादाला खाते बिल्ला अर्पण करते आणि ज्याच्यापुढे दरवाजे बंद करते, त्या दोहोंतील अंतर यापेक्षा स्पष्ट कोण करणार?

यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. पोलिस शिपाई हाही श्रमजीवीच आहे. त्याचे अपुरे वेतन, लांबलेल्या पाळ्या, वरिष्ठांचा जाच हे वास्तव नव्हे काय? निःसंशय आहे. १९८१ ते १९८७ या काळातील ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या अमेरिकन मालिकेने ते मोठ्या समर्थपणे दाखविले. थकलेली माणसे, गोंगाटाने भरलेली चौकी, न सुटणारी प्रकरणे घेऊनच ती पुढे जाते. मुंबईला तर हे सत्य पडद्यावरून शिकण्याची गरज नव्हती. ऑगस्ट १९८२ मध्ये येथील शिपायांचा असंतोष रस्त्यावर आला आणि त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली. परंतु शिपायाविषयी सहानुभूती वाटणे आणि त्याच्या हातातील सत्तेचा हिशेब न मागणे, या एकच गोष्टी नव्हेत. ज्याच्यावर अन्याय होतो तोच आपल्याहून दुबळ्यावर अन्याय करण्याचे हत्यार कसा बनतो, हे दाखविणे अवघड आहे, आणि खरे काम तेच आहे. १९८३ च्या ‘अर्धसत्य’ या चित्रपटात ते साधले. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. अपमानाने होरपळलेला फौजदार कोठडीत एका क्षुद्र चोराचा जीव घेतो. प्रेक्षकाला फौजदाराची व्यथा कळते, आणि चोराचे प्रेतही नजरेआड होत नाही. दूरदर्शनवर मुंबई पोलिसांच्या तपासकथा सांगणारी ‘एक शून्य शून्य’ मराठी घराघरांत पोहोचली. कोठडीतील माणसाच्या जागेवरून तपास सांगणारी मालिका मात्र तिच्याइतकी घराघरांत गेली नाही.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. बहुसंख्य सुखवस्तू नागरिकांचा चौकीशी संबंध येतो तो पडद्यावरच. मोर्च्यात पकडलेला कार्यकर्ता, फुटपाथवरचा फेरीवाला, पारधी तांड्यावरचा तरुण जेव्हा सांगतो की मला मारले, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावयाचा की नाही, हे ऐकणाऱ्याच्या मनात साठलेली चित्रे ठरवितात. लॉस एंजेलिसमध्ये ३ मार्च १९९१ च्या रात्री पोलिसांनी रॉडनी किंग याला केलेली मारहाण एका रहिवाशाने आपल्या सज्जातून चित्रित केली. त्या चित्रफितीला पटकथा नव्हती, खात्याची संमती नव्हती. तरीही पुढल्या वर्षी ज्यूरीने त्या चौघा पोलिसांना एका आरोपाचा अपवाद सोडता निर्दोष ठरविले, आणि शहर पेटले. डोळ्यांनी पाहिलेलेही न पटावे, इतकी जुन्या चित्रांची मुळे खोल गेलेली असतात.

तेव्हा, यापुढे एखाद्या पोलिस मालिकेला कोणी वास्तववादी म्हटले, तर टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला तिच्यात बोलू दिले आहे काय, एवढे अवश्य पाहावे. तो निरपराध असो वा अपराधी, त्याचे म्हणणे नोंदल्यावाचून लिहिलेला पंचनामा अपुराच राहतो.