करबिलाची मागची बाजू

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक,
नगरपंचायत, मारेगाव, जि. यवतमाळ

विषय : पर्यावरणाची जागृती घरखर्चाच्या हिशेबातून करण्याबाबत.

महोदय,

एप्रिलपासून नवं आर्थिक वर्ष लागेल आणि मालमत्ता कराची बिलं छापायला जातील. त्या बिलाच्या मागच्या बाजूला काय छापावं, एवढ्यासाठी हे पत्र.

२०२० साली गांधी जयंतीला 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झालं आणि राज्यभर गावोगावच्या भिंतींवर हिरवी पृथ्वी अवतरली. चित्रांशी माझं भांडण नाही. पण कापसाला यंदा काय भाव मिळेल या विवंचनेत बसलेल्या माणसाला पृथ्वी वाचवा म्हणून काय सांगायचं? त्याचे महिन्याचे दोनशे रुपये कसे वाचतात ते दाखवा, पृथ्वीचं काम त्यातच होतं. काटकसर आमच्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. कापूस संपला की पऱ्हाटी चुलीला लागते, तुराट्यांचं कुंपण होतं, आणि दारात शेळी असली की ओला कचरा उरतच नाही. नवा हिशेब शिकायचा आहे तो विजेचा आणि गॅसचा, कारण तो जुन्या माणसांच्या काळात नव्हताच.

विजेच्या बिलाची खरी मेख स्लॅबमध्ये आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त; त्यापुढच्या युनिटाचा दर जवळपास दुप्पट. म्हणजे १४० युनिटं जाळणाऱ्या घरानं ४० वाचवली, तर ती महागडीच ४० वाचतात. ती वाचवायची कुठून? छताकडे बघा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. आमच्याकडे मार्च ते जून पंखा बंद होतोच कधी? दिवसाला १६ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला २१-२२ युनिटं आणि दोन पंख्यांत ती ४० युनिटं निघाली. पंखा घेताना हजार-दीड हजार जास्त मोजावे लागतात, ते दोनेक उन्हाळ्यांत फिटतात. दुकानदार हे सांगत नाही असं नाही, पण विकणाऱ्याच्या तोंडचा हिशेब आपण अर्धाच खरा धरतो. नगरपंचायतीच्या शिक्क्याचा हिशेब लोक वाचतील.

कुलरचंही असंच. हल्ली गावात एसीची हौस वाढते आहे. दीड टनाचा एसी तासभर जोरात चालला की जेवढी वीज जाते, तेवढ्यात कुलर सात-आठ तास चालतो. आणि विदर्भातली कोरडी हवा म्हणजे कुलरसाठीच केलेली. पाणी भराभर उडतं म्हणून तो गारवा देतो, कोकणात त्याचा उपयोग नाही. तरी कुलर लावून खिडक्या गच्च बंद करणारी घरं सर्रास दिसतात. दमट हवा बाहेर गेली नाही की कुलर नुसता वारा ढकलत बसतो. समोरची खिडकी उघडी ठेवा, हे एक वाक्य बिलावर छापायला किती शाई लागेल?

यात आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट. शेजारी वणीला कोळशाच्या खाणी, पलीकडे चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र. विजेच्या एका युनिटामागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. धूळ, राख आणि कोळशाच्या ट्रकांची वर्दळ या टापूला कोणी भिंतीवर लिहून सांगायची गरज नाही.

गॅसबद्दल थोडक्यात. तुरीची डाळ अर्धा-पाऊण तास भिजवून कुकरला लावायची, शिट्टी होताच आच कमी करायची, गंजावर झाकण ठेवायचं. दीड महिन्याचं सिलिंडर अशानं दोन महिन्यांवर गेलं तर वर्षाला दोन सिलिंडरं वाचली. बचतीच्या नावाखाली बायांना परत पऱ्हाटीच्या धुरात बसवू नका, एवढं मात्र ठळक छापा. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवण्याचा प्रश्न हिवाळ्यापुरताच. मे महिन्यात टाकीचं पाणी इतकं तापतं की रात्रीच बादली भरून ठेवावी लागते.

आता आपल्याकडून हवं ते. पहिलं छताचं. अहमदाबाद महापालिकेनं २०१३ साली उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी रंगवली. छतावर चुन्याचे दोन हात मारायला फार पैसा लागत नाही, आणि खालची खोली लक्षात येईल इतकी कमी तापते. आपण आधी नगरपंचायतीच्या स्वतःच्या इमारतीवर गुढीपाडव्याच्या आत चुना मारावा. एका पांढऱ्या आणि एका काळ्या छताखाली भर दुपारी तापमापक लावून रोजचे आकडे दाराशी फळ्यावर लिहावेत.

दुसरं, नळाच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल दर महिन्याला त्याच फळ्यावर लागू द्या. पाणी वाईट आहे असा माझा दावा नाही. पण यवतमाळ जिल्ह्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड आहे आणि ते उकळून जात नाही, त्यामुळे माणूस धास्तीनं वीस लिटरचा जार विकत घेतो. अहवाल चांगला आला तर कितीतरी घरांचा जार बंद होईल. ही बचत कुठल्याही पंख्यापेक्षा मोठी.

तिसरं करसवलतीचं. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाच्या पाण्याची साठवण यांपैकी एक करणाऱ्याला सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन करणाऱ्याला १० टक्के सूट देते. आपल्याकडे ती रक्कम चहापाण्याएवढी होईल, हे मान्य. पण सूट मिळालेल्या घरांची यादी लागली की शेजारी विचारायला येतो. त्याच यादीखाली छतावरच्या सौर संचासाठी केंद्राच्या सूर्यघर योजनेचं अनुदान लिहावं : १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार. एक किलोवॅट महिन्याला शंभरेक युनिटं देतं, म्हणजे लहान घराचं भागलं.

बिलाच्या मागे एवढं सगळं मावणार नाही. विजेच्या स्लॅबचा हिशेब आणि कुलरची खिडकी तेवढी ठेवा, बाकीचं पाणीपट्टीच्या पावतीवर जाऊ द्या.

आपला,
मारेगावचा एक करदाता