विद्यार्थ्याचा संगणक : अवलंबन आणि स्वावलंबन

या स्मरणिकेसाठी जुने साहित्य जमविताना आम्हांला एक लहानसा, पण मनाला लागणारा अनुभव आला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका समारंभाच्या निमित्ताने वसतिगृहातील मुलामुलींनी आपल्या आठवणी लिहिल्या होत्या आणि त्या हौसेने संगणकावर टंकित करून ठेवल्या होत्या. हाताने लिहिलेली मूळ पाने वाळवीने केव्हाच संपविली. परंतु फाईली एका सीडीवर सुखरूप सापडल्या. मोठ्या उत्सुकतेने फाईल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची नुसती गिचमीड. मराठीचे एक अक्षरही दिसेना. ज्या टंकात तो मजकूर लिहिला होता, तो टंक आता कोणाकडेच नव्हता. त्याचे नावही कोणाला आठवेना. अखेर एका माजी विद्यार्थ्याने घरी जपलेली छापील प्रत मिळाली. पण तिचीही पुढची निम्मी पानेच शिल्लक होती. तेवढ्या आठवणी नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी चार संध्याकाळी बसून पुन्हा टंकित केल्या. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच.

हा दोष संगणकाचा नव्हता, तो आमचा होता. आम्ही साधन वापरले, पण समजून घेतले नाही. आजचा विद्यार्थी तर आमच्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात संगणकावर विसंबून आहे. म्हणूनच हा विषय येथे मांडावा असे आम्हांला वाटते.

प्रथम, झाले काय ते सांगितले पाहिजे. जुन्या पद्धतीत संगणकाला मराठी ठाऊकच नसे. आपण कळ दाबली की त्याच्या स्मरणात एखादे इंग्रजी अक्षर वा चिन्हच नोंदले जाई आणि टंक त्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवी. प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. टंक नाहीसा झाला की मुखवटा गळून पडे आणि खाली उरे ती गिचमीड. यावर उपाय एकच होता: मराठीच्या प्रत्येक अक्षराला संगणकात स्वतःची, सर्वमान्य जागा मिळणे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी मोलाचे काम केले. १९९१ साली भारतीय लिप्यांचे ‘इस्की’ हे मानक देशात स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्या जागतिक व्यवस्थेत देवनागरीसाठी १२८ जागांचा गट राखला गेला. पुढे विंडोज २००० या प्रणालीबरोबर ‘मंगल’ हा युनिकोड टंक घरोघरी पोहोचला. त्याचे अक्षरांकन रघुनाथ कृष्ण जोशी या थोर मराठी सुलेखनकाराचे होते. आज युनिकोडमध्ये लिहिलेला ‘क’ लाखनीतल्या संगणकावर ‘क’ असतो आणि लंडनमधल्या संगणकावरही ‘क’च असतो. टंक बदलला तर अक्षराचे रूप बदलते. अक्षर हरवत नाही.

आता विद्यार्थ्याकडे वळू. महामार्गावरचे लाखनी आज पूर्वीचे राहिलेले नाही. येथल्या मुलाला बालभारतीचे पाठ्यपुस्तक मोबाईलवर उघडता येते. पुस्तकावरील चौकोनी संकेत टिपला की ‘दीक्षा’वरचा पाठ समोर येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राची राज्य प्रवेश परीक्षा २०१९ पासून संगणकावरच द्यावी लागते. शासनातील लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द असावा लागतो. म्हणजे प्रवेशापासून पोटापाण्यापर्यंत प्रत्येक दाराशी संगणक उभा आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वसतिगृहातील मुले गावी परतली, तेव्हा याचा कठोर प्रत्यय आला. घरात एकच मोबाईल. तोही सकाळी वडिलांबरोबर कामावर जाणारा. ज्यांच्याकडे साधन होते त्यांचे शिक्षण कसेबसे चालू राहिले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांचे थांबले. तेव्हा ‘संगणकाने मुले बिघडतात’ असे म्हणून हा प्रश्न झटकून टाकणे आमच्या समाजाला परवडणारे नाही. अवलंबन अटळ आहे. प्रश्न एवढाच की, या अवलंबनातून मूल परावलंबी होणार की स्वावलंबी?

मध्यंतरी संगणक कक्षात आम्ही मुलांना सहज विचारले, ‘तुमचे सर्वांत आवडते सॉफ्टवेअर कोणते?’ अपेक्षेप्रमाणे चित्रफिती, खेळ आणि छायाचित्रे सजविणारी अ‍ॅप्स यांची नावे आधी आली. त्यात लपविण्यासारखे काही नाही. खेळणे हा मुलांचा हक्क आहे. पण दोन उत्तरे आमच्या मनात घर करून राहिली. एका मुलाने ‘जिओजेब्रा’चे नाव घेतले. २००१ साली ऑस्ट्रियातील झाल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेली ही भूमितीची आज्ञावली. मुलगा म्हणाला, ‘सर, वर्तुळावरचा बिंदू कंसावर कुठेही सरकवला तरी कोन तेवढाच राहतो. पुस्तकात पाठ केलं होतं, इथे दिसलं.’ दुसरे उत्तर एका मुलीचे. तिला ‘लिबर ऑफिस’मधला तक्ता आवडतो. सुटीत तिने घरच्या धानाचा हिशेब त्यात मांडला होता: बियाणे, चिखलणी, रोवणी, निंदण, खत, कापणी, मळणी आणि खरेदी केंद्रापर्यंतचे भाडे. एका रकान्यात तिने आईची स्वतःच्या बांधीतली मजुरी लिहिली. घरच्या हिशेबात तो रकाना पूर्वी कधीच नव्हता. बेरीज झाली आणि नफा वाटत होता तेथे तोटा निघाला. वडील बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले, असे तिने सांगितले.

या दोन उत्तरांत आमच्या म्हणण्याचे सार आहे. जे सॉफ्टवेअर मुलाला केवळ पाहायला लावते, ते करमणूक करते. जे त्याला मांडायला, पडताळायला, लिहायला लावते, ते त्याची शक्ती वाढविते. आवड कोणतीही असो. परंतु शाळेने वेळ द्यायचा तो दुसऱ्या प्रकाराला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यातही पहिला मान मराठी लेखनाचा असावा. आज पुष्कळ मुले मोबाईलवर मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांतून, किंवा बोलून. त्याने निरोप पोहोचतो, पण लेखन घडत नाही. ऱ्हस्व-दीर्घ कोणता, जोडाक्षर कसे बनते, याचा विचार करण्याची गरजच उरत नाही. याउलट ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक हा आपल्या वर्णमालेच्या तर्कावर उभा आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ज्या कळेवर ‘क’ त्याच कळेवर ‘ख’. ‘त’च्या जोडीला ‘थ’, ‘द’च्या जोडीला ‘ध’. ‘शिक्षण’ लिहिताना पहिली वेलांटी आधी दिसत असली, तरी कळ आधी ‘श’ची दाबायची, कारण उच्चार तसा आहे. हा कळफलक सर्व प्रमुख संगणक प्रणालींत विनामूल्य असतो. तो आला की त्याच जागांवर हिंदी, गुजराती, बंगालीही लिहिता येते. रोजच्या अर्ध्या तासाच्या सरावाने काही आठवड्यांत मुलांची बोटे चालू लागतात, हे आम्ही पाहिले आहे.

अक्षर अक्षर म्हणून जपले तर काय साधते, याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनेचे संपूर्ण पाली तिपिटक संगणकावर आणले. त्यातील ग्रंथ चित्ररूपात नाहीत, अक्षररूपात आहेत. म्हणून तोच मजकूर देवनागरीत वाचता येतो, आणि लिपी बदलली की सिंहली, बर्मी, थाई वा रोमन अक्षरांतही वाचता येतो. हवा तो शब्द क्षणात शोधता येतो. एवढे विशाल वाङ्मय अशा रीतीने जपले जाते आणि आम्ही आमच्या मुलांच्या मोजक्या पानांच्या आठवणी जपू शकलो नाही, हा विरोध आम्हांला अस्वस्थ करतो.

आणखी एक गोष्ट संकोच बाजूला ठेवून सांगितली पाहिजे. विद्यार्थिदशेत आम्ही सर्वांनी महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती वापरल्या. ‘सगळेच वापरतात’ एवढे समर्थन आम्हांला पुरेसे वाटे. पण ज्या शाळेत दिवसाचा आरंभ पंचशीलाने होतो, तेथे न दिलेले न घेण्याचे दुसरे शील संगणक कक्षाच्या दाराबाहेर ठेवता येणार नाही. सुदैवाने आता त्याची गरजही नाही. लिनक्स, लिबर ऑफिस यांसारखे मुक्त सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य घेता येते, दुसऱ्याला देता येते. ते वापरताना कोणाचे काही हिरावले जात नाही. केरळातील सरकारी शाळांत तर गेली अनेक वर्षे संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच चालते.

यावर पालकांचा एक आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे. ‘नोकरीत विचारतात ते बाजारातले सॉफ्टवेअर, एमएस-सीआयटीतही तेच शिकवतात. मग आमच्या मुलांनी वेगळे का शिकावे?’ आमचे उत्तर असे की, एका सायकलीवर तोल सांभाळता आला की दुसरी सायकल चालविता येते. तक्त्यात सूत्र कसे लिहावे, मजकुराला शीर्षक कसे द्यावे, फाईल नीट नाव देऊन कोठे ठेवावी, हे एकदा समजले की कोणत्याही कंपनीचे सॉफ्टवेअर आठवडाभरात हाती येते. ज्याने केवळ बटणांच्या जागा पाठ केल्या, तो मात्र पुढची आवृत्ती आली की पुन्हा गोंधळतो. अभ्यासक्रमासाठी किंवा परीक्षेसाठी विशिष्ट सॉफ्टवेअर लागत असेल, तर शाळेने त्याचा रीतसर परवाना घ्यावा. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी हात पुढे करावा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर निबंधही यंत्राकडून लिहून घेता येतो. आम्ही त्याचे विरोधक नाही. न समजलेले उदाहरण पुन्हा समजून घ्यायला, इंग्रजी उतारा उलगडायला ते साहाय्य करील. परंतु वसतिगृहातल्या पहिल्या रात्री घर आठवून उशी कशी भिजली, हे त्या यंत्राला ठाऊक नाही. ते ज्याचे त्यानेच लिहिले पाहिजे. ज्या समाजाच्या कित्येक पिढ्यांना लेखणीपासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या मुलाने हाती आलेली लेखणी आपणहून यंत्राला देऊन टाकावी, हे आम्हांला पटत नाही.

शेवटी, आमच्या सूचना मोजक्या आहेत. दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला इनस्क्रिप्टवर मराठी लिहिता यावे. संगणक कक्ष संध्याकाळीही उघडा असावा आणि मुलींना त्यात मुलांइतकाच वेळ मिळावा. माजी विद्यार्थ्यांनी आपले जुने, चालू स्थितीतले संगणक शाळेला द्यावेत. देण्यापूर्वी आपली खासगी माहिती पुसून त्यात मुक्त प्रणाली बसवून द्यावी. पालकांनी मुलाला ‘मोबाईल ठेव’ एवढेच न म्हणता, ‘आज त्यावर काय केलेस ते दाखव’ असे विचारावे. आणि सुटीत घरी गेलेल्या प्रत्येक मुलाने आपल्या आजी-आजोबांची एक तरी आठवण युनिकोडमध्ये टंकित करून आणावी.

प्रस्तुत स्मरणिकेचा संपूर्ण मजकूर आम्ही युनिकोडमध्येच तयार केला आहे. त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर, दुसरी ग्रंथालयात आणि तिसरी माजी विद्यार्थ्यांकडे राहील. सीडी निकामी होईल, संगणक बदलतील, आजचे आवडते सॉफ्टवेअर उद्या विस्मरणात जाईल. पण पंचवीस वर्षांनी कोणी विद्यार्थी ही फाईल उघडील, तेव्हा त्याला गिचमीड दिसू नये. आपल्या थोरांनी लिहिलेले मराठी अक्षर जसेच्या तसे दिसावे, एवढीच आमची इच्छा आहे.