साडेसातशेची सनद आणि त्यानंतरची वर्षं

महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची बातमी आपल्या मोहल्ल्यात सहसा कुणी वाचत नाही. निवडणूक लागली, ठराव झाला, सनदेची फी बदलली, एखाद्या वकिलावर कारवाई झाली. पेपराच्या कोपऱ्यात चार ओळी येतात आणि आपण पान उलटतो. वकिलांचं वकील बघतील, आपल्याला काय? मी स्वतः कायद्याचा माणूस नाही. बी.एड. करून उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर आहे. तरीही माझं म्हणणं असं, की या बातम्या आपल्या घरच्या आहेत. काळा कोट कुणाच्या अंगावर चढेल आणि तो किती दिवस टिकेल, यातलं बरंचसं तिथं ठरतं.

आधी एक गल्लत दूर करू. तालुक्याच्या कोर्टात आपल्याला दिसतो तो वकील संघ. तिथल्या वकिलांनी स्वतः उभी केलेली ती संघटना असते. बार कौन्सिल वेगळी. १९६१च्या अधिवक्ता कायद्याने प्रत्येक राज्यासाठी अशी परिषद नेमून दिली आहे. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच, कार्यालय मुंबईत. वकील मतदान करून तिचे २५ सदस्य निवडतात, महाधिवक्ता पदसिद्ध सदस्य असतात. सनद देणं, वकिलांची नोंद ठेवणं, त्यांच्या हक्कांचं रक्षण करणं आणि गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकणं ही तिची कामं. वकिलाने पक्षकाराचे पैसे बुडवले तर सामान्य माणूस कलम ३५ खाली तिच्याकडेच तक्रार करू शकतो. गरिबांसाठी कायदेविषयक मदतीची व्यवस्था करणं हेही कायद्याने तिच्या कामांत लिहून ठेवलं आहे. म्हणजे ही वकिलांची भिशी नव्हे, सार्वजनिक संस्था आहे.

आता त्या चार ओळींतली एक बातमी घेऊ. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सनदेसाठी कायद्यात लिहिलेल्या रकमेहून एक रुपयाही जास्त घेता येणार नाही. कायद्यात रक्कम आहे ७५० रुपये. त्यातले ६०० राज्य परिषदेचे, १५० भारतीय परिषदेचे. अनुसूचित जाती-जमातींसाठी मिळून १२५. प्रत्यक्षात देशभरातल्या परिषदा वेगवेगळ्या नावांखाली पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत घेत होत्या. न्यायालयाने सांगितलं की असा भार टाकणं समानतेच्या आणि व्यवसाय करण्याच्या हक्काच्या विरोधात जातं, कारण त्याचा फटका वंचित घरांतल्या मुलांना बसतो. निकाल पुढच्या काळासाठी लागू झाला, आधी भरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

ज्या घरात महिन्याला दहा-बारा हजार येतात, तिथं हा निकाल म्हणजे बंद दरवाजा उघडणं आहे. बाप बागवानी करतो, आई घरी शिवणकाम करते, मुलगी एल.एल.बी. झाली, अशी घरं आता आपल्या तालुक्यांत आहेत. मुस्लिम मुलांना अनुसूचित जातीची सवलत लागू होत नाही. आपल्याच जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला राहणारे तडवी अनुसूचित जमातीत येतात, त्यांना ती मिळते. बाकी सगळ्यांसाठी ७५० हाच आकडा. तो पाठ करून ठेवा. कुणी जास्त मागितले तर पावती मागा आणि या निकालाचं नाव घ्या.

पैशांवाचून सनद अडण्याची गोष्ट या राज्यात नवी नाही. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्या डॉ. आंबेडकरांकडे १९२३ साली सनदेसाठी पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली, तेव्हा त्यांना मुंबईत वकिली सुरू करता आली. तेव्हा एक मित्र होता म्हणून भागलं. प्रत्येकाच्या नशिबात भथेना नसतो. म्हणूनच कायदा असावा लागतो.

पण दरवाजा उघडला म्हणजे घर मिळालं असं नाही. खरा प्रश्न सनदेनंतरच्या पाच वर्षांचा आहे, आणि मला लिहायचं आहे ते त्यावर.

माझे जुने विद्यार्थी भेटतात. त्यातला एक तालुक्याच्या कोर्टात ज्युनिअर म्हणून काम करतो. सकाळी दहाला कोर्टात, संध्याकाळी सिनिअरच्या ऑफिसात. तारखा लिहून घ्यायच्या, नकलांचे अर्ज टाकायचे, झेरॉक्स आणायच्या. महिन्याकाठी हातात पडतात ते गाडीच्या पेट्रोलपुरते. त्याच्या सिनिअरला मी दोष देत नाही, तालुक्याला सिनिअरचीच कमाई बेताची असते. पण याचा परिणाम काय होतो ते बघा. ज्याच्या घरी शेती आहे, बाप नोकरीत आहे किंवा चुलता आधीपासून वकील आहे, तो ही वर्षं काढतो. ज्याच्या घरी यातलं काहीच नाही, तो दोन वर्षांत कोट खुंटीला टांगतो आणि दुकानात कामाला लागतो. मुलीचं तर त्याआधीच लग्न ठरतं. ‘वकिलीत काय मिळतंय?’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय बार कौन्सिलने एक परिपत्रक काढलं. ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं, असं त्यात म्हटलं होतं. आकडा चांगला आहे. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि भार टाकलाय सिनिअरवर. मुंबईच्या मोठ्या फर्मला जे जमेल ते तालुक्याच्या कोर्टासमोर टपरीवजा ऑफिस थाटलेल्या वकिलाला कसं जमणार? इथं राज्याच्या कौन्सिलने पुढं यायला हवं. पहिल्या तीन वर्षांतल्या, उत्पन्नाचा दाखला देणाऱ्या ज्युनिअरसाठी तिने राज्य सरकारकडे निधी मागावा आणि स्वतःचा वाटाही घालावा. फी कमी झाल्यामुळे कौन्सिलच्या तिजोरीवर ताण आला, हे मान्य. म्हणूनच सरकारकडे मागायचं.

वकिलांनी एकत्र येऊन मागितलं तर मिळतं, हे आपण नुकतंच पाहिलं. कोल्हापूरला खंडपीठ व्हावं म्हणून तिथल्या सहा जिल्ह्यांचे वकील चार दशकं भांडले. शेवटी १८ ऑगस्ट २०२५ला तिथं सर्किट बेंच सुरू झालं. त्यामागची कळकळ आम्हाला चांगली कळते. आमचा बुलढाणा जिल्हा विदर्भात, म्हणून आमचं हायकोर्ट नागपूरला. हिवरा आश्रमहून औरंगाबाद त्याच्या निम्म्या अंतरावर आहे, पण आमच्या अपिलांचा रस्ता नागपूरचाच. कोर्ट लांब असेल तर न्याय महाग होतो, हे कोल्हापूरच्या वकिलांनी सरकारला पटवलं. जवळचा वकील टिकला नाही तरीही न्याय महाग होतो. हेही त्यांनीच पटवायला हवं.

यात आपल्या समाजाचा वाटा कोणता? आपल्याकडे हुशार मुलाला डॉक्टर, मग इंजिनिअर, मग डी.एड.-बी.एड. अशी उतरती यादी आहे. वकिली या यादीत नसतेच, किंवा ‘झूठ का धंदा’ म्हणून बाजूला टाकलेली असते. गंमत म्हणजे भाषेने आपण कोर्टाच्या फार जवळ आहोत. वकील, सनद, जामीन, फिर्याद, हजर, दावा, कैफियत, वकालतनामा. माझ्या उर्दूच्या वर्गातल्या पोराला यातला एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. उर्दूत ‘तारीख’ म्हणजे इतिहाससुद्धा, आणि आपल्या कोर्टातली एखादी केस बघितली की दोन्ही अर्थ पटतात. १९९८च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. म्हणजे जो मुलगा उर्दू आणि मराठी दोन्ही नीट शिकलाय, त्याला इंग्रजीच्या धाकाने मागं सरायचं कारण नाही. वक्फच्या जमिनीचे दावे, जुने निकाहनामे, वाटणीची कागदपत्रं यांत तर उर्दू वाचणारा वकील शोधावा लागतो.

आणि या राज्यात आपली वाट काही आजची नाही. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांना जामीन दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी. तीस वर्षं आधी, १८६७ला, ते मुंबई हायकोर्टातले पहिले भारतीय बॅरिस्टर झाले होते.

वकील का हवा, याचं उत्तर आपल्या समाजाने फार महाग किंमत देऊन शिकलं आहे. मोठा हल्ला झाला, गावात दंगल झाली की काही ठिकाणचे वकील संघ ठराव करतात, की या आरोपींचं वकीलपत्र कुणी घेणार नाही. मुंबईत २६/११ नंतर हे झालं. तरी शाहिद आझमी यांनी फहीम अन्सारीची बाजू घेतली. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात त्यांची हत्या झाली. फहीम अन्सारी मात्र निर्दोष सुटला आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, तमिळनाडूतल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने असे बहिष्काराचे ठराव बेकायदा आणि रद्दबातल ठरवले. आरोपी कुणीही असो, त्याला वकील मिळालाच पाहिजे. गुन्हेगार सुटावा म्हणून नव्हे. वकीलच नसेल तर गुन्हेगार कोण हे कळणारच नाही, म्हणून. उद्या असा ठराव कुठं झाला, तर तो चुकीचा आहे हे जाहीरपणे आणि सगळ्यात आधी सांगण्याची जबाबदारी राज्याच्या कौन्सिलची आहे, मग आरोपी कुठल्याही धर्माचा असो.

कौन्सिलची मुदत पाच वर्षांची. पण २०१८च्या निवडणुकीनंतर पुढची निवडणूक रखडत गेली, आणि २०२५च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने राज्य परिषदांच्या निवडणुका घेण्याचं वेळापत्रक घालून दिलं. डिसेंबरमध्ये न्यायालयाने परिषदांत महिलांना ३० टक्के प्रतिनिधित्व देण्याचेही आदेश दिले. आपल्याला मत नाही, पण आपल्या ओळखीच्या प्रत्येक वकिलाला आहे. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला त्याने तीन प्रश्न विचारावेत. तालुक्याच्या ज्युनिअरसाठी काय करणार? पक्षकारांच्या तक्रारी वेळेत निकाली काढणार का? बहिष्काराच्या ठरावाविरुद्ध उभे राहणार का?

आणि आपण आपल्याकडे बघू. इज्तेमा, जलसे, लग्नं यांवर आपण किती खर्च करतो हे मला सांगायची गरज नाही. प्रत्येक तालुक्यातल्या चार सुस्थितीतल्या घरांनी मिळून एका मुलाला किंवा मुलीला सनदेनंतर तीन वर्षं दरमहा पाच हजार दिले, तर तो कोट खुंटीवर जाणार नाही. वर्षाला साठ हजार, चौघांत पंधरा-पंधरा. बदल्यात एकच अट घालायची: आठवड्यातला एक दिवस त्याने तालुका विधी सेवा समितीत बसावं आणि दारात आलेल्या गरिबाला, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो, पैसे न घेता कागद समजावून सांगावा. आमच्या तालुक्यात अशी चार घरं आहेत. त्यांना मी ओळखतो, आणि येत्या जुम्म्यानंतर त्यांच्याकडे जाणार आहे.